तीन गोलांचें कोडें आणि आवर्ती कक्षा

सूर्य आणि एकच ग्रह एवढेंच विश्व असतें, तर ज्योतिर्विदांचें काम न्यूटनच्या काळींच संपलें असतें. दोन गोलांचे मार्ग गणितानें पूर्णपणें सांगतां येतात. तिसरा गोल आला कीं प्रत्येक जण इतर दोघांस ओढूं लागतो व सारा हिशेब बिनसतो. आपली सूर्यमाला टिकेल कीं विस्कटेल, हा प्रश्न येथेंच अडून राहिला होता.

घर्षणानें शक्ति वायां न जातां चालणाऱ्या अशा गतींचीं समीकरणें आयर्लंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनीं १८३४-३५ सालीं एका सुंदर सांच्यांत बसविलीं. परंतु समीकरणें मांडणें निराळें आणि तीं सोडविणें निराळें. पुढें स्वीडनचे राजे दुसरे ऑस्कर यांनीं आपल्या साठाव्या वाढदिवशीं, २१ जानेवारी १८८९ रोजीं, द्यावयाचें पारितोषिक जाहीर केलें. त्याच्या प्रश्नांपैकीं एक हाच होता. तें फ्रान्सच्या आंरी प्वांकारे यांस मिळालें.

सर्व मार्ग एकदम जाणण्याचा हट्ट प्वांकारे यांनीं सोडला. ज्यांवरून गोल ठराविक काळानें नेमके मूळ स्थितीस परततात, अशा आवर्ती कक्षा त्यांनीं आधीं शोधल्या. असा योग यदृच्छेनें घडणें जवळजवळ अशक्य. मग उपयोग काय? जमीन मोजणारा आधीं हद्दीचे दगड पाहतो, मग शेतें मोजतो, तसाच हा उपयोग. कांहीं कक्षांच्या शेजारचा गोल त्यांच्याभोंवतींच घुटमळतो, त्या स्थिर. कांहींच्या शेजारचा दूर फेंकला जातो, त्या अस्थिर.

निबंध छापला गेला असतां फ्राग्मेन या तरुण गणितज्ञानें कांहीं शंका विचारल्या. त्यानंतर फेरतपासणींत प्वांकारे यांस स्वतःचीच मोठी चूक आढळली. अस्थिर कक्षेपासून निघणाऱ्या व तिच्याकडे येणाऱ्या वाटांचे दोन पडदे एकमेकांत मिळून जातात, असें त्यांनीं मानलें होतें. वस्तुतः ते एकमेकांस छेदतात. आणि एकदां छेदले कीं अगणित वेळां छेदून त्यांचें विलक्षण जाळें होतें. त्या जाळ्यांत गतीचें भाकित फार काळ टिकत नाहीं. प्वांकारे यांनीं छपाई थांबविली व पुनर्मुद्रणाचा खर्च स्वतः सोसला. पारितोषिक २५०० क्राउनचें, खर्च ३५०० हून अधिक! सुधारलेला निबंध १८९० सालीं निघाला.

त्या जाळ्यानें सारें व्यापलें आहे काय? नाहीं. अडथळा अल्प असेल, तर बहुतेक नियमित गति टिकून राहतात, हें १९५४ सालीं कोल्मोगोरोव्ह यांनीं मांडलें. आर्नोल्ड व मोझर यांनीं पुढें त्याच्या सिद्धता दिल्या. म्हणजे नियम व गोंधळ शेजारीं शेजारीं नांदतात. आकाशांत याची साक्ष आहे. गुरूच्या एका फेरींत ज्यांच्या तीन फेऱ्या व्हाव्यात, अशा लघुग्रहांची जागा रिकामी आहे, असें कर्कवुड यांनीं १८६६ सालीं दाखविलें. उलट गुरूच्या दोन फेऱ्यांत तीन फेऱ्या करणारा हिल्डा-गट टिकून आहे.

आणि सूर्यमाला? लास्कार व गास्तिनो यांच्या २००९ च्या गणनेप्रमाणें, येत्या ५ अब्ज वर्षांत बुधाची कक्षा धोकादायक इतकी लांबट होण्याचा संभव शेंकडा सुमारें १ आहे. न्यूटननंतर तीन शतकांनीं मिळालेलें हें उत्तर निश्चितीचें नसून संभवाचें आहे. आणि तें तसें कां, हें प्वांकारे यांच्या चुकींतून प्रथम उमगलें.