नाथांनी चालवलेला स्क्रब

दोन डिस्क घ्या, दोन्हींवर तोच डेटा. एके दिवशी एका ब्लॉकबद्दल दोघी वेगवेगळं सांगायला लागतात. खरी कोण? लिनक्सच्या साध्या एमडी मिररला हे कळत नाही. रिपेअर करायला सांगितलं की तो एक प्रत उचलतो आणि दुसरीवर लिहितो. चुकीची उचलली गेली तर दुरुस्तीनेच चूक कायमची होते! सनने 2005 साली खुल्या केलेल्या झेडएफएसमध्ये प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकपासून लांब, वरच्या पॉइंटरमध्ये असतो. स्क्रब चालवला की सगळे ब्लॉक वाचले जातात आणि न जुळणारा ब्लॉक चांगल्या प्रतीवरून परत लिहिला जातो.

आमच्या नांदेडला येणारी गोदावरी आधी पैठणवरून येते. तिथे हे काम 1584 साली (शके 1506) झालं.

ज्ञानेश्वरी 1290 ची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं ती हाताने उतरवली गेली. सुमारे नऊ हजार ओव्या. प्रतीची प्रत, तिचीही प्रत. अशात ओळ गळते, न कळलेल्या जुन्या शब्दाच्या जागी ओळखीचा येतो, भक्तीच्या भरात कुणी आपलीच ओवी घुसवतो. एकनाथांनी पाठभेदांनी बिघडलेला हा ग्रंथ शुद्ध केला.

त्यांच्याकडे चेकसम होता का? थोडासा. ओवीच्या पहिल्या तीन चरणांत यमक असतं, चौथा आखूड आणि मोकळा. यमकाचा शब्द बिघडला की कान लगेच पकडतो. पण चौथ्या चरणात कुणी शब्द बदलला तर यमक गप्प! तिथे नाथांना अर्थावर आणि स्वतःच्या जाणकारीवरच जावं लागलं असणार. शेवटी त्यांनी ताकीदही देऊन ठेवली, की यात कुणी आपली ओवी घालू नये. म्हणजे रीड-ओन्ली माउंट.

मला खटकतं ते एकच: या दुरुस्तीचा लॉग नाही. कुठला शब्द बदलला, कुठली ओवी काढली, काहीच कळत नाही. आणि पुढे पसरला तो त्यांचाच पाठ. त्यामुळे 1909 साली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी नाथांच्या आधीची म्हणून एक पोथी छापली, तेव्हा तिला फार किंमत होती. तिच्या जुनेपणावर वाद झाले, ते व्हायचेच. पण दुसरी डिस्क तर हाती आली. आता दोन्ही पाठ शेजारी ठेवून ओवी-ओवीचा फरक काढता येतो.