दोन मरुत आणि एक विसरलेला ग्लायडर

वाचकहो, काळी नदीच्या धरणाखाली गेलेल्या सुपे गावात आपले घर होते, हे सिद्ध करायला आठवण पुरत नाही, कागद लागतो. जमिनीच्या बाबतीत आपण जे तारतम्य बाळगतो ते इतिहासाच्या बाबतीत मात्र सोडून देतो. आज विमानांच्या निमित्ताने हे बोलायचे आहे.

एखाद्या देशाने एकच नमुना बांधला, चाचणी घेतली आणि काम तिथेच थांबले, अशी लष्करी विमाने जगभर आहेत. त्यांचे एखादे जुने छायाचित्र समोर आले की ओळख पटवायची कशी? जाणकार चार गोष्टी पाहतात : विमान कोठे व केव्हा उडाले, त्यावर क्रमांक कोणता, इंजिन कोणते आणि उड्डाणाची नोंद त्याच वेळी कोणी केली. १७ डिसेंबर १९०३ रोजी राईट बंधूंनी केलेले उड्डाण जगाने मानले, कारण त्याचे छायाचित्र आहे, पाच साक्षीदार आहेत आणि त्याच दिवशी घरी धाडलेली तार आहे.

हीच कसोटी आपल्या आवडत्या कथेला लावू. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) यांनी १८९५ साली चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान उडवले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. तळपदे होऊन गेले, त्यांना या विषयाचा ध्यास होता, हे खरे. परंतु त्या उड्डाणाचे छायाचित्र नाही, आणि तपासून पाहता येईल असा समकालीन पुरावाही पुढे आलेला नाही. या कथेला नेहमी जोडला जाणारा ‘वैमानिकशास्त्र’ हा ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली तपासला. तो प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आता दुसरा मरुत पाहा. बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली ‘एचएफ-२४ मरुत’ हे लढाऊ जेट आकाराला आले. १९५९ मधले एक छायाचित्र हुबेहूब मरुतचे वाटते. पण ते विमान लाकडी आहे, त्याला इंजिन नाही. तो ‘एक्स-२४१’ हा पूर्ण मापाचा ग्लायडर. डकोटा विमान त्याला दोराने ओढत वर नेई. आकाराचे गुणदोष इंजिन बसवण्याआधीच कळावेत, हा हेतू. खरा पहिला नमुना १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी उडवला. त्याचा क्रमांक बीआर ४६१. तारीख, वैमानिक, क्रमांक, सगळे जागच्या जागी. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मरुत आजही उभे आहे.

मात्र मला सांगायचे आहे ते या दोहोंपेक्षा जवळच्या माणसाविषयी. डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म १९०८ सालचा, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचा. म्हणजे बेळगावच्या पलीकडचा, आपल्या सोयरिकीच्या टापूतला. गॉटिंगेनला लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९४० साली ते बंगळूरच्या कारखान्यात रुजू झाले. १९४१ मध्ये त्यांच्या आराखड्यानुसार दहा सैनिक बसतील असा ‘जी-१’ ग्लायडर तयार झाला. तो एकच बांधला गेला. पुढे त्यांचे ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. त्याच्या पहिल्या नमुन्यात जिप्सी मेजर इंजिन होते, दुसऱ्यात सिरस मेजर. छायाचित्र कोणत्या नमुन्याचे हे ठरवताना हा फरक कामी येतो. अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली आणि हवाई दलाच्या कित्येक वैमानिकांनी त्यांवर पहिले धडे गिरवले.

आपल्या घरांत तळपदे ठाऊक नाहीत असा माणूस सापडणार नाही; घाटगे ठाऊक असलेला शोधावा लागेल. पुरावा नसलेल्या उड्डाणाचा अभिमान आपण सव्वाशे वर्षे जपला आणि ज्याची नोंद आहे, ज्यावर माणसे शिकली, ते विमान करणारा शेजारगावचा मनुष्य विसरलो. तळपद्यांचाही यात सन्मान होत नाही. त्यांचा खरा ध्यास न केलेल्या पराक्रमाखाली झाकला जातो.

तेव्हा पुढच्या खेपेला नातवाने विमानाची गोष्ट विचारली, तर त्याला हसूरचंपूची सांगा. त्याने “कशावरून?” असे विचारले, तर रागावू नका. उत्तर आपल्यापाशी आहे.