खिदमतमाश आणि कर्जरोखा

परभणी जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता, त्या काळी येथील देवस्थाने, मठ आणि दर्गे यांच्या सेवेसाठी ज्या जमिनी तोडून दिल्या जात, त्यांचे सरकारी दफ्तरात मुख्यत्वे दोन प्रकार असत. केवळ निर्वाहार्थ दिलेली ती मदतमाश आणि नेमून दिलेल्या सेवेच्या अटीवर दिलेली ती खिदमतमाश. दिवाबत्ती करणारा, पूजा चालवणारा किंवा देवळापुढे चौघडा वाजवणारा खिदमतमाशीचा धनी असे. त्याने सेवेत कसूर केली तर जमीन सरकारजमा होण्याचे भय त्याला असे. परंतु त्याच्या वादनाने यात्रेकरू किती जमले आणि देवापुढे नाणी किती पडली, याचा जाब त्याला कोणी विचारीत नसे. ही व्यवस्था निर्दोष होती असे माझे म्हणणे नाही. ती वंशपरंपरेची होती आणि ज्या राज्यव्यवस्थेने ती पोसली, तिने रयतेला सोसायला लावलेली दुःखे मराठवाडा विसरलेला नाही. सातोना येथे जन्मलेले बी. रघुनाथ यांच्यासारखा प्रतिभावंत त्याच राज्यात बांधकाम खात्यात कारकुनी करीत मराठीत लिहीत राहिला. त्याच्या वाट्याला कोणतीही माश आली नाही. १९५४ च्या कायद्याने हैदराबाद संस्थानातील इनामांच्या निर्मूलनाचा मार्ग खुला झाला, तो न्याय्यच होता. तथापि कलावंताला द्रव्य देताना राज्यकर्त्याने त्याच्याकडून नेमके काय मागावे, या प्रश्नाचे एक स्पष्ट उत्तर त्या जुन्या सनदांत होते. नव्या राज्याने जेव्हा चित्रपटकलेला आश्रय देण्याचे मनावर घेतले, तेव्हा हे उत्तर त्याच्या लक्षात राहिले नाही.

१९४९ मध्ये केंद्र सरकारने कोकणचे स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. तिच्या सभासदांत व्ही. शांताराम होते. चित्रपटधंद्याला रास्त दराने भांडवल मिळावे म्हणून स्वतंत्र अर्थसाहाय्य संस्था असावी, अशी शिफारस या समितीने १९५१ च्या अहवालात केली आणि तदनुसार १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. हे महामंडळ प्रारंभापासून कर्ज देणारे होते, अनुदान देणारे नव्हे, आणि पुढील सर्व वादाचे बीज मला याच एका गोष्टीत दिसते. साठीच्या दशकाच्या अखेरीस त्याने आपले धोरण पालटून अल्प खर्चाच्या, वेगळ्या वाटेच्या आणि होतकरू दिग्दर्शकांच्या चित्रपटांना पैसा देण्यास आरंभ केला, तेव्हा उद्दिष्ट कलासंवर्धनाचे झाले. कागद मात्र कर्जरोख्याचाच राहिला.

या धोरणातून १९६९ च्या सुमारास मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’, बासू चटर्जी यांचा ‘सारा आकाश’ आणि मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ हे तीन चित्रपट निघाले. तिन्हींचे छायाचित्रण के. के. महाजन यांचे होते. पहिल्याला प्रेक्षक लाभले. ‘उसकी रोटी’ला मात्र रीतसर व्यावसायिक प्रदर्शन मिळालेच नाही. त्यानंतर १९७२ मध्ये कुमार शहानी यांचा ‘माया दर्पण’ आला. पुण्याच्या चित्रपट संस्थेत ऋत्विक घटक यांच्या हाताखाली शिकलेला, दामोदर कोसंबी यांच्या इतिहासदृष्टीने घडलेला आणि फ्रान्समध्ये रोबेर ब्रेसाँ यांच्या सहवासात काम केलेला हा तरुण निर्मल वर्मा यांची कथा घेऊन उभा राहिला. ढासळत्या सरंजामी घरात बापाच्या सावलीखाली कोंडलेल्या एका तरुणीची ती कथा. ‘माया दर्पण’ला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर या दिग्दर्शकाला पुढचा कथापट करण्यासाठी बारा वर्षे थांबावे लागले.

या चित्रपटांना झालेला विरोध केवळ हिशेबनिसांचा नव्हता. खुद्द सत्यजित राय यांनी १९७४ मध्ये कौल आणि शहानी यांच्या पद्धतीवर कठोर टीका केली. ती एका थोर कलावंताची प्रामाणिक असहमती होती आणि तिला तिचे स्थान आहे. परंतु १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने महामंडळाच्या याच धोरणावर ठपका ठेवला. कथेत मानवी रस असावा, विषय आणि मांडणी यांत भारतीयत्व असावे, प्रेक्षकाला जवळची वाटतील अशी पात्रे असावीत, अशा कसोट्या तिने सुचवल्या. ज्यांच्या कारकिर्दीत हे चित्रपट निघाले, ते अध्यक्ष बी. के. करंजिया त्याच काळात पदावरून दूर झाले.

आता परभणीच्या बाजूने या निवाड्याकडे पाहू. ज्या सामान्य प्रेक्षकाच्या नावाने ‘माया दर्पण’ दुर्बोध ठरवला गेला, तो प्रेक्षक जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड अशा गावांत राहत होता. महामंडळाने कर्ज दिले, निर्मिती करवली आणि चित्रगृहांची व्यवस्था जशी होती तशीच सोडली; परिणामी चित्रपट प्रेक्षकाने नाकारण्यापूर्वी वितरकाने नाकारला आणि वितरकाचा नकार हाच लोकांचा कौल म्हणून कागदावर चढला. वस्तुतः या कथेला मराठवाड्याइतका जाणता प्रेक्षक दुसरीकडे क्वचितच मिळाला असता. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर येथील जहागिरी बुडाल्या, गढ्या ओस पडल्या, त्या गढ्यांतील स्त्रियांचे कोंडलेले आयुष्य शेजारपाजारच्यांनी पाहिलेले होते. राहता राहिला संथपणाचा आक्षेप. जनाबाईच्या गंगाखेडात रात्र रात्र कीर्तन ऐकणाऱ्या, एकाच चरणावर कीर्तनकार घटकाभर रेंगाळला तरी न कंटाळणाऱ्या श्रोत्यांना संथ गती सोसत नाही, हे कोणी, कोठे आणि केव्हा तपासले? शहानी यांनी त्या रिकाम्या वर्षांत होमी भाभा शिष्यवृत्ती घेऊन महाकाव्यपरंपरेचा अभ्यास केला. त्यात भक्तिपरंपराही होती. त्यांच्या कलेत भारतीयत्व शोधणाऱ्यांनी ते योग्य जागी शोधले नाही, असेच म्हणावे लागते.

एक आक्षेप मात्र टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७२ हे दुष्काळाचे वर्ष होते. मराठवाड्यातील माणसे तेव्हा सरकारी कामांवर खडी फोडीत होती. अशा वेळी सरकारी तिजोरीतून चित्रपटांसाठी पैसा का द्यावा, असे कोणी विचारले तर त्याला उडवून लावता येणार नाही. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ही गोष्टही स्मरणात ठेवली पाहिजे. त्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एखादे वाण फसले, तर संशोधकाकडून बियाण्याची किंमत वसूल करण्याचा हुकूम निघत नाही. फसलेल्या प्रयोगाचीही नोंद होते आणि पुढचा प्रयोग त्या नोंदीवर उभा राहतो. चित्रपटासाठी तेव्हा दिली जाणारी रक्कमही फार मोठी नव्हती. ‘गर्म हवा’सारख्या चित्रपटाला महामंडळाने अडीच लाख रुपये कर्ज दिले होते. सामान्य माणसाला अशा चित्रपटाचे सोयरसुतक नसते, हेही खरे नाही. १९७६ मध्येच गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन ‘मंथन’ उभा केला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती.

१९८० मध्ये हे महामंडळ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आणि त्याच्या साहाय्याने शहानी यांचा ‘तरंग’ १९८४ मध्ये पूर्ण झाला. त्यात स्मिता पाटील आणि अमोल पालेकर होते. कलावंत आणि महामंडळ यांचा वाद न्यायासनासमोर कधी गेला नाही. एका बाजूला न फिटलेली बाकी आणि दुसऱ्या बाजूला न झालेले चित्रपट एवढाच त्याचा ताळेबंद राहिला. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी शहानी निवर्तले.

माझ्या मते चूक कलावंताची नव्हती, आणि सर्वस्वी कारकुनाचीही नव्हती. सेवा मागायची असताना व्याज मागणाऱ्या कर्जरोख्याची ती होती. आता चित्रपट विकास महामंडळ आणि पुण्याचा राष्ट्रीय चित्रपट संग्रह एकाच छत्राखाली आले आहेत. त्यांनी ‘उसकी रोटी’ आणि ‘माया दर्पण’ परभणीत आणावेत, बी. रघुनाथांच्या गावात ते लावावेत आणि १९७६ साली ज्याला कोणी विचारले नाही त्या प्रेक्षकाला त्याचे मत विचारावे. ते प्रतिकूल आले तरी चालेल. मात्र ते चित्रपट पाहून दिलेले असावे.