सातबारा संगणकीकरण : कायदेशीर व नैतिक प्रश्न

गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) आणि नमुना बारा (पिकांची नोंदवही) यांचा एकत्र उतारा म्हणजे सातबारा. तलाठी दप्तरातले हस्तलिखित उतारे संगणकावर चढवणे आणि पुढचे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीही, ऑनलाइन घेणे, याला सातबारा संगणकीकरण म्हणतात. केंद्र सरकारने 2008 मध्ये भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात हे काम महाभूलेख संकेतस्थळ आणि ई-फेरफार प्रणालीतून पुढे गेले.

उतारा आता घरबसल्या मिळतो, पण त्याने मालकी पक्की होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 157 एवढेच सांगते, की प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावी. महसुली नोंदीमुळे हक्क निर्माणही होत नाही आणि संपतही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी विरुद्ध इंदर कौर (1996) या प्रकरणात स्पष्ट केले. डिजिटल स्वाक्षरीने उतारा अस्सल ठरतो. त्यावरचा मजकूर खरा आहे, याची हमी तिच्यात नसते.

दप्तरातून संगणकात नोंदी उतरवताना चुका झाल्या. क्षेत्राचे आकडे बदलले, नावे गळाली. त्या चुका पकडण्यासाठी 2017 मध्ये गावोगावी चावडीवाचन, म्हणजे नोंदींचे गावकऱ्यांसमोर जाहीर वाचन, झाले. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार संहितेच्या कलम 155 मध्ये आहे. मात्र अधिकाऱ्याच्या पाहणीत आढळलेली चूक संबंधितांना नोटीस देऊन, त्यांच्या हरकती निकाली काढल्यावरच सुधारता येते. मूळ हक्काचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय गाठावे लागते. चूक दप्तराची, खेटे मात्र खातेदाराचे!

नैतिक प्रश्न संगणकीकरणाहून जुने आहेत. एकत्र कुटुंबाच्या जमिनीवर अनेकदा फक्त कर्त्या पुरुषाचे नाव असे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलींना सहदायाद म्हणून मुलांइतका हक्क दिला. पण वारसनोंदच झाली नसेल, तर संगणकातही बहिणींची नावे दिसत नाहीत. तोंडी वाटण्या आणि न नोंदलेली कुळे यांचेही तसेच.

संगणकीकरणाचा लाभ कोणाला, हाही प्रश्न आहे. कर्नाटकातील जमीन-नोंदी संगणकीकरणाच्या ‘भूमी’ प्रकल्पाचे देशभर कौतुक झाले. संशोधक सॉलोमन बेंजामिन व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये त्याची दुसरी बाजू मांडली: नोंदी एका ठिकाणी आल्याने बंगळुरूभोवतीच्या जमिनी मिळवणे बड्या खरेदीदारांना सोपे गेले आणि गावपातळीवरची लाच वरच्या कचेऱ्यांत सरकली.

खासगीपणाचा मुद्दाही याला जोडून येतो. सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव, क्षेत्र आणि ‘इतर हक्क’ रकान्यात कर्जाचा बोजा असतो. चावडीत जाऊन हे पाहणे आणि दूरवरच्या दलालाने पडद्यावर नावानिशी शोधणे यांत फरक पडतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात दिला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मात्र कायद्यानुसार जाहीर करणे बंधनकारक असलेली माहिती आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे.