दोष तबकडीचा, शिक्षा संगणकाला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. घरगुती ग्राहकांनी नोंदणी केली तर सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, एवढी सोय तेवढी ठेवली. तेव्हापासून घरातल्या आठ-दहा वर्षे जुन्या संगणकाबद्दल एकच सल्ला ऐकू येतो: तो मंद झाला आहे, त्यावर विंडोज ११ चढत नाही, म्हणजे त्याचे आयुष्य संपले, नवा घ्या. दुकानात हेच सांगतात, आणि कॉलेजात शिकणारा भाचाही हेच सांगतो.

या पूर्वपक्षात तथ्य आहे. दुरुस्त्या थांबलेल्या प्रणालीवर नेटबँकिंग करणे धोक्याचेच. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो, हेही खरे. पण एवढ्यावरून यंत्र निकामी ठरत नाही. मुदत संपली ती प्रणालीची, आणि मंदपणाचे मूळ बहुतेक घरांत हार्ड डिस्कमध्ये असते.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकी थराच्या तबकड्या फिरतात. डेस्कटॉपमधली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. वाचणारे शीर्ष योग्य वर्तुळावर सरकायला नऊएक मिलिसेकंद जातात. मग हवा तो भाग त्याच्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. एका शोधाला असे १३ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला जेमतेम ७५ शोध होतात. लॅपटॉपमधली ५,४०० फेऱ्यांची डिस्क याहूनही मागे. संगणक सुरू होताना मात्र ठिकठिकाणी विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचायच्या असतात, आणि त्या येईपर्यंत प्रोसेसर बराचसा वेळ नुसता वाट पाहत बसतो. १९५६ च्या आयबीएम रामॅक या पहिल्या हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. तेव्हापासून डिस्कची क्षमता लाखो पटींनी वाढली. घरगुती डिस्कचा फिरण्याचा वेग वाढला तो फक्त सहा पट. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, त्यामुळे साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला असे हजारो शोध सहज घेते. जुन्या यंत्रात ती बसवली की फरक दिसायला मोजणी करावी लागत नाही. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ जीबी करावी. रॅम अपुरी पडली की संगणक डिस्ककडेच धावतो.

यावर आक्षेप येतो की एसएसडी लिहून लिहून झिजते. झिजते खरी. पण ५०० जीबीच्या चांगल्या साटा एसएसडीला उत्पादक ३०० टेराबाइट लिखाणापर्यंतची हमी देतात. घरी रोज २० जीबी लिहिले जाते असे धरले, आणि हा आकडा घरच्या वापरासाठी मोठाच आहे, तरी ती मर्यादा गाठायला चाळीस वर्षे लागतील. खरी भीती वेगळी आहे: एसएसडी बिघडते तेव्हा अनेकदा पूर्वसूचना न देता एकदम बंद पडते. म्हणून काढलेली हार्ड डिस्क तपासावी, आणि धडधाकट असेल तर यूएसबी खोक्यात घालून बॅकअपसाठी ठेवावी. सावकाश, सलग लिहिण्याचे काम ती उत्तम करते. घरातल्या फोटोंची तिसरी प्रत तरीही हवीच.

सेकंदाला ७,००० एमबीच्या एनव्हीएमई एसएसडीचा आग्रहही असाच निराधार आहे. तो वेग मोठ्या सलग फायलींचा. पत्रे, ब्राउझर, हिशेब यांत साटाच्या तुलनेत तो जाणवत नाही.

प्रणालीचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि इथे लिनक्सच्या पुरस्कर्त्यांशीही माझा मतभेद आहे. जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची डेबियनवर आधारलेली बॉस प्रणाली चांगली चालते. युनिकोड मराठी, इनस्क्रिप्ट कळपाट, लिबरऑफिस, ब्राउझर सारे मिळते. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षे मुक्त प्रणालींवर शिकवत आहेत, तेव्हा ‘सामान्य माणसाला जमणार नाही’ हा आक्षेप टिकत नाही. पण ‘सर्वांनी लिनक्सवर यावे’ हेही टिकत नाही. टॅलीवर हिशेब ठेवणारा, किंवा श्री-लिपीच्या जुन्या फाँटांत पेजमेकर आणि कोरलड्रॉवर पुस्तके जुळवणारा माणूस विंडोजला बांधलेला आहे. त्याचे वीस वर्षांचे काम त्या फायलींत आहे. जुनी पुस्तके जुळवण्यापुरते यंत्र इंटरनेटपासून तोडून विंडोज १० वर चालवणे त्याला शक्य आहे. रोजच्या जोडलेल्या कामासाठी त्याने विंडोज ११ चे नवे यंत्र घेतले तर तो खर्च योग्यच.

बाकीच्यांनी लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, आपला प्रिंटर, वाय-फाय आणि कॅमेरा त्यावर चालतो का ते पाहावे. बँकेचे संकेतस्थळ उघडून पाहावे. प्रोसेसर फक्त ३२ बिटांचा असेल, किंवा २ जीबी रॅम मदरबोर्डलाच डाखलेली असून वाढवता येत नसेल, तर मात्र दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे.