नरक्याच्या लाकडातले औषध

बीजांडकोशाचा कर्करोग पहिल्या उपचारानंतर उलटतो तेव्हा जी औषधे दिली जातात, त्यांत टोपोटेकन आहे. अमेरिकेत त्याला १९९६ साली मान्यता मिळाली. त्याचे मूळ द्रव्य कॅम्पटोथेसिन. ते आपल्याकडच्या नरक्याच्या झाडातही सापडते. डिचोलीहून दोडामार्गकडे निघाले की समोर जो सह्याद्री उभा राहतो, जिथून उतरणारी तिलारी पुढे शापोरा होऊन पेडण्याच्या कडेने समुद्राला मिळते, त्याच्या सदाहरित रानांतले हे लहानसे झाड. फुलांना घाण वास येतो, म्हणून नरक्या.

द्रव्य आधी सापडले ते मात्र एका चिनी झाडात. मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये त्याची रचना उलगडली. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. याच जोडीने १९७१ साली टॅक्सॉलचीही रचना मांडली, आणि बीजांडकोशाच्या कर्करोगात तेही आज आधाराचे औषध आहे. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी कॅम्पटोथेसिन नरक्यात दाखवून दिले.

रुग्णांवरचे पहिले प्रयोग मात्र फसले. मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि सत्तरच्या दशकात काम थांबले. ते पुन्हा उभे राहिले १९८५ साली, हे द्रव्य नेमके कशावर चालते ते कळल्यावर. मला या कुळकथेतला सर्वांत मोलाचा टप्पा हाच वाटतो.

पेशीत डीएनएची नक्कल होताना त्याला काथ्याच्या दोरासारखा पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचा एक धागा कापते, पीळ सोडवते आणि धागा पुन्हा सांधते. कॅम्पटोथेसिन त्या कापलेल्या जागी जाऊन बसते. सांधा होत नाही, नक्कल करणारी यंत्रणा तिथे आदळते, डीएनए तुटतो आणि पेशी मरते. हे उमगल्यावर पाण्यात विरघळणारे, शरीराला सोसेल असे टोपोटेकन घडवता आले.

मग काही गाठी दाद का देत नाहीत? १९९७ साली दिसले की पेशी अडकलेल्या विकरावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावते आणि त्याचा चुरा करून टाकते. ज्या पेशी हा चुरा झटपट करतात त्या औषधातून निसटतात. ही खूण पुसणारी विकरेही असतात. माणसात ती सुमारे शंभर आहेत. बीजांडकोशाच्या कर्करोगावरचे संशोधन आता त्यांच्याकडे वळले आहे. त्यांपैकी यूएसपी-१ डीएनएच्या दुरुस्तीत भाग घेते, आणि त्याला रोखणारे औषध रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचले आहे.

इकडे नरक्या मात्र तुटतो आहे. द्रव्य लाकडात आणि मुळांत असल्याने झाड मुळासकट जाते. सिंधुदुर्गात त्याच्या तस्करीच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात. घाटाखालच्या आणि घाटावरच्या बागायतदारांना माझे सांगणे आहे: तुमच्या जमिनीत नरक्या असेल तर तो दलालाला देऊ नका, त्याचे बी धरून रोपे करा. आणि घरी त्याचा काढा करून कुणालाही पाजू नका. कारखान्यात शुद्ध करून, बदलून, मोजून दिल्यावरच ते औषध होते, एरवी ते विष आहे.