निवळीच्या बीपासून कॅनिस्टरपर्यंत

उज्जैनमध्ये ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्नसारखा मोठा सिक्लिड मासा पाळायला घेतला की फिल्टरच्या दुकानात पहिली चौकशी होते ती पाणी काचेसारखं दिसेल का याची. ही चिंता या शहरात फार जुनी आहे. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’तल्या दकार्गल अध्यायात गढूळ, कडवट, खारट, दुर्गंधी विहिरीसाठी एक योग दिला: अंजन, नागरमोथा, वाळा, राजकोशातक आणि आवळा यांचं चूर्ण, सोबत कतकाची फळं. कतक म्हणजे आपली निवळी. तिची बी माठाला आतून घासून पाणी भरून ठेवायचं, ही खेड्यापाड्यांतली रीत त्याच कुळातली. बीमधल्या द्रव्यांमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना धरतात, जड होतात आणि तळाशी बसतात. माळव्याच्या काळ्या मातीतून वाहत आलेलं पावसाळी पाणी ज्याने पाहिलं आहे, त्याला या ज्ञानाचं मोल वेगळं सांगायला नको. पुढे हेच काम तुरटीकडे आलं.

पण माशाचा जीव घेतो तो गढूळपणा नव्हे. फूटभर वाढणारा ऑस्कर भरपूर खातो आणि त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. अमोनिया दिसत नाही. पाणी आरशासारखं असतानाही मासा तडफडतो. म्हणून फिल्टरचं दुसरं घराणं शोधावं लागतं, आणि माझ्या मते खरं घराणं तेच.

त्याची सुरुवात वाळूत आहे. १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्समध्ये थेम्सचं पाणी वाळूतून संथपणे गाळायला सुरुवात केली. वाळूवर साचणारा बुळबुळीत थर सजीव असतो आणि गाळण्याचं मोठं काम तोच करतो, हे कळायला पुढची काही दशकं जावी लागली. १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही. मग अमोनियाचं नायट्रेट होऊ लागलं. क्लोरोफॉर्म सोडताच ते थांबलं. म्हणजे काम करणारे जीवच होते! १८९० च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्कींनी ते जीवाणू वेगळे काढले. नव्या टाकीत मोठा मासा सोडण्याआधी चार-सहा आठवडे फिल्टर ‘पिकू’ द्यावा लागतो, त्यामागे त्या नळीतले वीस दिवस आहेत.

तिसरं गाळणं पुन्हा उज्जैनचं, आणि अगदी अलीकडचं. महाकाळ मंदिरात शिवलिंगाची झीज रोखण्यासाठी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिषेकाच्या पाण्याला मर्यादा मान्य केली: दर भाविकामागे अर्धा लिटर, तेही आरओचं. दगडासाठी ते योग्यच. टाकीत मात्र अमोनिया माशाकडूनच रोज नव्याने येतो, त्यामुळे भरताना वापरलेलं आरओ तिथे पुरे पडत नाही.

मग निवडायचं काय? जीवाणूंना जागा आणि प्राणवायू देणारं यंत्र. तासाला टाकीच्या पाच-सहा पट पाणी फिरवणारा कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) किंवा सम्प (टाकीखालची गाळणटाकी) घ्यावा. खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, स्पंज आणि सिरॅमिक भरल्यावर प्रवाह घटतो. पण एकाच मोठ्या फिल्टरवर विसंबू नये. वीज गेली की बंद कॅनिस्टरमधला प्राणवायू संपतो आणि जीवाणू मरू लागतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. म्हणून बॅटरीवरच्या एअर पंपाचा एक साधा स्पंज फिल्टर टाकीत कायम असावा. आणि स्पंज नळाखाली धुऊ नये. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जीवाणू मारतं. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात तो पिळून काढला की पुरे.